मुलीसाठी फुलाचे नाव: जाई, अबोली की बकुळा?

नवी आई
नमस्कार. आठ दिवसांपूर्वी आमच्या घरी मुलीचा जन्म झाला असून येत्या रविवारी, बाराव्या दिवशी, तिचे बारसे आहे. नाव फुलाचेच ठेवायचे यावर आम्हा दोघांचे एकमत आहे. माझ्या आजेसासूबाई लुगड्यांच्या घड्यांमध्ये बकुळीचे सुकलेले गजरे ठेवत असत, आणि त्या गेल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली तेव्हाही तोच वास आला, असे माझे पती अजून सांगतात. मनात जाई, अबोली आणि बकुळा ही तीन नावे आहेत. उत्तराषाढा नक्षत्राचे तिसरे चरण असल्यामुळे पत्रिकेत आद्याक्षर 'जा' आले आहे, त्यामुळे सासूबाईंचा कल जाईकडे आहे. अबोली मला आवडते, परंतु 'न बोलणारी' असा अर्थ असलेले नाव मुलीला देऊ नये, असे माझ्या आईचे म्हणणे आहे. बकुळा फार जुने वाटेल का, ही माझी स्वतःची शंका. कृपया आपले मत सांगावे.

संस्कृत शिक्षिका
अभिनंदन! जाई हा शब्द संस्कृत 'जाती' या फुलाच्या नावावरून प्राकृतमार्गे मराठीत आला, तसाच 'यूथिका'वरून जुई. म्हणजे ही नावे कानाला आधुनिक वाटली तरी मुळात फार जुनी आहेत, आणि म्हणूनच 'जुने वाटेल' या कारणासाठी बकुळा बाजूला ठेवू नये. अबोलीविषयी आपल्या आईंची शंका मला रास्त वाटते. फूल सुंदर आहे, पण आपल्या नावाचा अर्थ काय, हे मुलगी एक दिवस विचारणारच, आणि तेव्हा आपल्याला मनापासून देता येईल असे उत्तर हवे. अर्थ आधी पाहावा, असा आग्रह मी नेहमी धरते. मृणाल हे नाव कमळाचे समजून ठेवले जाते, प्रत्यक्षात मृणाल म्हणजे कमळाचा देठ. शेफालिका म्हणजे मात्र आपला प्राजक्तच.

जाईची आई
माझ्या मुलीचे नाव जाई आहे आणि ते मला आजही तितकेच प्रिय आहे, तरीही एक अडचण सांगणे मला आवश्यक वाटते. जन्मदाखल्यावर आम्ही इंग्रजीत जे-ए-आय असे लिहिले. परप्रांतात बदली झाल्यावर शाळेच्या हजेरीत तिला 'जय' म्हणून पुकारले जाऊ लागले, आणि पहिल्याच आठवड्यात तिचे नाव मुलांच्या यादीत गेले. सहा वर्षांची मुलगी घरी येऊन रडली, ते मी विसरू शकत नाही. तेच नाव शेवटी दोनदा ई घालून लिहिले असते तर हे टळले असते. आपण जाई ठेवणार असाल तर हे लेखन पहिल्या दिवशीच ठरवावे, कारण पुढे आधार, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला यांत एकाच अक्षराचा फरक पडला तरी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

घाई मात्र करू नये. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, परंतु ती नावाशिवायही होते, आणि नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत बाळाचे नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत ती सोय आहे.

ओवळीखालचा
आमच्याकडे कोकणात बकुळीला ओवळी म्हणतात. पहाटे झाडाखाली चांदण्यांसारखा सडा पडलेला असतो. फूल करंगळीच्या नखाएवढे, रंग मळकट पांढरा, आणि मधोमध आपसूकच भोक असते, त्यामुळे सुई लागत नाही. केळीच्या सोपटातून काढलेल्या दोऱ्यात आम्ही मुले ती भराभर ओवत असू. सुकून तपकिरी झाली तरी त्यांचा वास जात नाही. मोगरा दुसऱ्या दिवशी काळवंडतो आणि प्राजक्त तर हातातच मलूल होतो, म्हणून टिकणारा गुण शोधत असाल तर बकुळीला तोड नाही. आपल्या घरात त्या ट्रंकेची आठवण असताना दुसरीकडे शोधण्याचे काही कारण मला दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात असाव्यात. नुसते 'बकुळ' ठेवू नये, कारण गुजरातेत बकुल हे पुरुषांचेही नाव असते; 'बकुळा' म्हटल्यावर तो प्रश्न राहत नाही. शिवाय महाराष्ट्राबाहेर 'ळ'चा 'ल' होणार, हे गृहीत धरावे. 'बकुला' अशी हाक कानावर आली तर चालेल का, हे आपणच मोठ्याने म्हणून पाहावे.

नवी आई
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिन्ही नावांनी बाळाला हाका मारून पाहिल्या, 'बकुला' असेही म्हटले, आणि ते आम्हाला खटकले नाही. सासूबाईंना ट्रंकेची गोष्ट पुन्हा सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच सुचवले की पत्रिकेत जन्मनाव जाई असू द्यावे आणि व्यवहारात बकुळा. बाळाची आत्या शनिवारी नाशिकहून येत आहे. पाळण्याशी वाकून कानात कोणते नाव सांगायचे, ते आज सकाळी तिला फोनवर कळवले.