एमजीबी रिस्टोरेशन: ब्रेक पाइप स्टीलचे, तांब्याचे, कुनिफरचे की स्टेनलेसचे?

रोडस्टर६७:
१९६७ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, सिंगल सर्किट (चारही चाकांच्या ब्रेकला एकच फ्लुइड मार्ग), सर्व्हो (पेडलचा जोर वाढवणारं यंत्र) नाही. रंगकाम झालंय, इंजिन अजून बाहेर आहे. हात सहज पोचतोय तोवर मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, फ्लुइडला दाब देणारा सिलिंडर) मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचे सगळे पाइप बदलायचे आहेत. जुने पाइप स्टीलचे असून क्लिपांखाली गंजून खड्डे पडलेत. गाडी नियमित चालवायची आहे, प्रदर्शनासाठी नाही. मटेरियल कोणतं घ्यावं आणि फ्लेअर मारताना, म्हणजे जोडासाठी पाइपचं टोक पसरवताना, काय सांभाळावं?

जुनेगिअर:
कुनिफर घ्या. म्हणजे तांबं-निकेलचा मिश्रधातू: सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, त्यात थोडं लोखंड आणि मँगनीज. जहाजांवर समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांसाठी हाच मिश्रधातू वापरतात, त्यामुळे रस्त्यावरचं पाणी आणि मीठ त्याला फारसं काही करत नाही. व्होल्वोने १९७६ पासून कारखान्यातूनच असे पाइप बसवले. तुमच्या गाडीला बाहेरून ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिमी नळी लागेल, भिंतीची जाडी ०.०२८ इंच, साधारण ०.७ मिमी.

साधं स्टील मजबुतीत कमी नाही. ते गंजतं, आणि बाहेरून गंजतं. क्लिपखाली ओल आणि चिखल अडकतो, वर रंग शाबूत दिसतो आणि आत भिंत पातळ होत जाते. तुमच्या जुन्या पाइपांचं तेच झालंय.

रोल घेण्याआधी जाडसर दोरा किंवा वेल्डिंगची तार प्रत्येक मार्गावरून वळणांसकट फिरवून लांबी मोजा. प्रत्येक तुकड्याला १० सेंमी जास्त धरा, कारण फसलेला फ्लेअर कापून टाकावा लागतो. जुने पाइप आत्ता फेकू नका, वळणांचा नमुना म्हणून ते सोन्यासारखे आहेत.

पाना७१६:
कुनिफर मागितल्यावर शुद्ध तांबं हातात पडू शकतं, म्हणून दोन गोष्टी पाहा. पहिली, चुंबक. स्टीलच्या काही नळ्यांवर तांब्याचा लेप असतो आणि त्या तांब्यासारख्याच दिसतात. चुंबक चिकटलं तर ती स्टील. तांबं आणि कुनिफर दोन्हींना चिकटत नाही. दुसरी, रंग. घासलेल्या जागी तांबं लालबुंद दिसतं, कुनिफर फिकट, चंदेरी छटेचं.

शुद्ध तांबं वाकवायला फारच सोपं, पण ते वापरू नका. वारंवार थरथरलं की तांबं कडक होत जातं आणि शेवटी तडकतं, तेही बहुतेक नटाच्या लगेच मागे, जिथे तडा नजरेस पडत नाही. सिंगल सर्किटमध्ये एक पाइप गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मागच्या अ‍ॅक्सलवरचे पाइप सर्वांत जास्त हादरतात, तिथे तर तांब्याचा विचारच नको.

रोडस्टर६७:
कुनिफर पक्कं. स्टेनलेस का नको, टिकाऊपणात ते वरचढ नाही का? आणि काढलेल्या पाइपांवर दोन प्रकारचे फ्लेअर दिसतायत, हे मूळचंच आहे की कोणी नंतर केलंय?

फ्लेअरमास्तर:
मूळचंच आहे. आणि मटेरियलपेक्षा जास्त गळती इथेच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

या गाड्यांत मेल नटाच्या (बाहेरून आटे) पाइपला सहसा बबल फ्लेअर (टोकाला फुगीर गोळा) असतो आणि फिमेल नटाच्या (आतून आटे) पाइपला डबल फ्लेअर (तोच फुगा आत दुमडून केलेलं फनेल). छिद्राच्या तळाशी सीट, म्हणजे फ्लेअर टेकतो ती जागा, आत दबलेली, खोलगट असेल तर बबल. सीट बाहेर आलेल्या शंकूसारखी असेल तर डबल. पुढच्या रबरी होजचं (लवचिक नळी) टोक ब्रॅकेटमधून बाहेर येतं तिथे पाइपवर सहसा फिमेल नट सापडेल. अंदाजाने ठरवू नका, प्रत्येक जुना पाइप त्या-त्या छिद्राशी ताडून पाहा आणि टोकाला चिठ्ठी बांधा. चुकीचा फ्लेअर घट्ट केल्यावर आधी गळत नाही असं वाटतं, मग जोरात पेडल दाबलं की झिरपतो. शिवाय सीटही खराब होते.

नळी रोलर कटरने कापा, प्रत्येक फेरीला थोडाच दाब द्या. हॅक्सॉने टोक तिरकं होतं आणि भुगा आत जातो. आतली-बाहेरची कड साफ करा, पण आतून जास्त कोरू नका, भिंत पातळ झाली की फ्लेअर चिरतो. नट आधी नळीवर चढवा, तोंड बरोबर दिशेला आहे ना ते दोनदा बघा, आणि मगच फ्लेअर मारा. डायवर ब्रेक फ्लुइडचा एक थेंब पुरे. डबल फ्लेअरची पहिली पायरी म्हणजेच बबलचा आकार, पण बबलची नटाकडची पाठ सपाट हवी, कारण तिथे दाबणाऱ्या नटाचं तोंड सपाट असतं. फ्लेअर एका बाजूला झुकलेला दिसला तर कापून पुन्हा करा. नळी घसरली तर क्लँप सैल होता.

आता आटे. तुमचे नट ३/८ इंच यूएनएफ (इंचातले बारीक आटे), इंचाला २४ आटे. आटा ९.५३ मिमी व्यासाचा, पिच १.०६ मिमी. मेट्रिक एम१० बाय १ (१० मिमी व्यास, १ मिमी पिच) दिसायला जवळपास तसाच. एम१० नट यूएनएफ छिद्रात जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक घातक आहे: यूएनएफ नट मेट्रिक छिद्रात ढिला बसतो, धरल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली आटे निघतात. कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर आधी कधी बदलले असतील तर प्रत्येक छिद्र नवा नट हाताने फिरवून तपासा.

स्टेनलेसची अडचण इथेच आहे. ते कडक असल्याने सीटवर नीट बसत नाही आणि साध्या टूलने डबल फ्लेअर मारताना चिरतं. शिवाय त्याच्या तयार फिटिंग्ज बऱ्याचदा ३७ अंशांच्या असतात, आणि तुमचा डबल फ्लेअर ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

जुनेगिअर:
क्लिपा रबर किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या घ्या, दर ३० सेंमीला एक. कुनिफर उघड्या स्टीलला टेकलं तर ओलाव्यात स्टीलच गंजतं. एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून, मागचं सस्पेन्शन वरखाली करून कुठे घासतंय का ते पाहा. तिन्ही रबरी होज नवे टाका, पाइप नवे आणि होज जुने हा व्यवहार कशाला.

पाना७१६:
नट आधी बोटांनी पूर्ण आत जाऊ द्या, मग ७/१६ इंचाचा फ्लेअर नट पाना लावा. साध्या पान्याने कडा झिजतात. होजचा हेक्स (षटकोनी भाग) दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर होजला पीळ पडतो.

अंडरसील (गाडीच्या तळाचा गंजरोधक लेप) मारण्याआधी चाचणी घ्या. डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड भरून हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात करून. मग पेडल पूर्ण जोराने दोन मिनिटं दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड टिश्यूने पुसायला सांगा. ओलसर दिसला तर नट आणखी आवळत बसू नका. सैल करून पुन्हा एकदा बसवा, तरी ओल आली तर फ्लेअरच नव्याने मारा. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसून भागत नाही, रंग उचलतो.