बीटवर, म्हणजे ठाण्याच्या ठरलेल्या गस्तीच्या भागात, तोच पोलीस वर्षानुवर्षं असावा का?

कात्रजकर:
परवा सोसायटीच्या गेटवर पार्किंगवरून दोन घरांची जुंपली. बीट मार्शल आले ते दोघांनाही ओळखणारे. "काका, दिवाळीत तुमच्याच मुलाची गाडी इथं आडवी होती ना?" एवढं विचारलं आणि काका गप्प. नवखा असता तर दोघांना चौकीत बसवून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून मोकळा झाला असता. माझं म्हणणं, बीटवरचा माणूस निदान तीन वर्षं हलवू नये.

नारायणपेठी:
आणि तीन वर्षांत हप्ता ठरला की? रात्री दीडपर्यंत शटर अर्धं उघडं ठेवणाऱ्या हॉटेलची तक्रार आम्ही केली. सकाळी मालक दारात, "आमचं नाव कशाला दिलंत?" ओळखीचा पोलीस आधी कोणाच्या ओळखीचा असतो ते बघा. बदल्या उगाच ठेवलेल्या नाहीत.

खाकीच्या घरातली:
वडील हवालदार होते म्हणून सांगते. महाराष्ट्र पोलीस कायद्यात अंमलदाराला, म्हणजे शिपाई-हवालदाराला, एका ठिकाणी साधारण 5 वर्षं आहेत, पण ती नेमणुकीची. बीट मात्र साहेब बदलले की बदलतं, आणि शहरात इन्स्पेक्टर एका ठाण्यात साधारण 2 वर्षं. त्यातून गणपती, पालखी, व्हीआयपी दौरा आला की बीटवरचा माणूस बंदोबस्तात. शिवाय अटक केली तर रजिस्टरला दिसते. मिटवलेलं भांडण कुठल्या रकान्यात लिहायचं? वडिलांची अर्धी नोकरी त्या न लिहिलेल्या कामात गेली.

कोथरूड_निवांत:
अमेरिकेत न्यूअर्कला 1978-79 मध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला होता. गुन्हे फारसे घटले नाहीत, लोकांना सुरक्षित मात्र वाटू लागलं.

नारायणपेठी:
म्हणजे नुसतं वाटणंच!

कात्रजकर:
वाटलं तरच लोक बोलतात हो. वरच्या मजल्यावर नवीन पोरं राहायला आलीत, रात्री-अपरात्री गाड्या येतात, हे कोणी 112 ला फोन करून सांगत नाही. चहाच्या टपरीवर सांगतात.
हप्त्याचा मुद्दा मान्य. पण भिवंडी बघा. 1984 ला तिथं भीषण दंगल झाली. 1988 पासून तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस एकत्र बसवले. 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथं पोलिसाची ओळख चारचौघांत झाली होती, गल्लीच्या कोपऱ्यात नाही.

नारायणपेठी:
समिती चालेल. फक्त तिच्यात तो हॉटेलवाला नको. आमच्याकडच्या शांतता समितीत पहिली खुर्ची त्याचीच असते.