लेझर आधी की गोळ्या?

'लेझरने पटकन होणारं काम, पण डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देत वेळ काढतात' हे डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजारावरच्या चर्चेत वर कुणीतरी लिहिलेलं म्हणणं पटलं नाही. पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज असताना लेझर मारलं तर ती आणखी भडकू शकते. म्हणून आधी सूज उतरवतात, मग लेझर. आणि गेलेली नजर लेझरने परत येते असंही नाही, पुढचं नुकसान टाळायला ते करतात.

इथे कुणी ईल्सच्या आजाराचं (पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते तो) नाव घेतलं नाही, म्हणून लिहितोय. माझा भाचा नाशिकच्या सातपूरला कंपनीत आहे, वय पंचविशीचं. डोळ्यापुढे काळी जाळी तरंगायला लागली, तपासणीत हेच निघालं. आपल्याकडे तरुण पुरुषांत हा जास्त दिसतो, टीबीच्या जंतूंशी संबंध असल्याचा संशय आहे, म्हणून मान्टू टेस्ट (टीबीसाठी त्वचेवर करतात ती चाचणी) आणि छातीचा एक्सरे. (डोळ्याला छातीचा एक्सरे कशाला, म्हणून ताई वैतागली होती!) खरं चित्र डोळ्याच्या अँजिओग्राफीत कळतं. हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचा रंग देऊन पडद्याचे फोटो काढतात. रंग झिरपतो तिथे सूज, रंग पोचतच नाही तिथे रक्तपुरवठा बंद. अशा बंद भागातून ठिसूळ नव्या शिरा फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. लेझरचे ठिपके त्याच भागावर देतात. अँजिओग्राफीच्या दिवशी त्या रंगामुळे लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर मात्र धूसर दिसल्याने सिन्नर-निफाडकडून बाइकवर एकटे येणाऱ्यांची पंचाईत होते, सोबत कुणाला तरी आणा.