शब्दचर्चा : नीलगिरी, 'देशी' आणि अधिवास

पानगळ :
ऑस्ट्रेलियातल्या 'रिव्हर रेड गम' या झाडावर तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पानभर मजकूर लिहायचा आहे. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस, पण ते मुलांच्या डोक्यावरून जाईल. 'नीलगिरी' लिहिलं की मुलं उटी धरून बसतात. 'नेटिव्ह'ला 'देशी' म्हणावं का? आणि 'हॅबिटॅट'साठी पाठ्यपुस्तकातला 'अधिवास'च ठेवावा का?

तिरफळ :
'देशी' नको. देशी गाय, देशी कोंबडी, देशी बियाणं. देशी म्हणजे आपल्याकडचं. (चौथा अर्थ मुलांसमोर नकोच.) 'स्थानिक' लिहिलं तर कुठलं स्थानिक ते पुन्हा सांगावं लागतं. सरळ 'मूळचं' लिहा. 'तुम्ही मूळचे कुठले?' हे मुलं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बाबतीत ऐकतात.
'अधिवास' बरोबर आहे, पण बहुतेक घरांत तो फक्त दाखल्यापुरता येतो. शीर्षकात राहू द्या, आत 'कुठे वाढतं' पुरेल.

बांधकरी :
नीलगिरीचा घोळ मजेशीर आहे. १८४० च्या दशकात इंग्रजांनी नीलगिरी डोंगरांवर सरपणासाठी ही झाडं लावली. ती मुख्यतः टास्मानियाकडची 'ब्लू गम'. लावलेल्या डोंगराचं नाव झाडाला चिकटलं, आणि मग सगळ्या गणगोतालाच. या कुळात सातशेच्या आसपास जाती आहेत. आपण सगळ्यांना एकाच हाकेनं बोलावतो. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे बांधांवर लावली, तेव्हाही ती फक्त 'नीलगिरी'च होती.
तुमचं झाड तर सपाट मुलखातल्या नदीकाठचं, त्याच्या नावात 'गिरी' कशाला? तरीही मी नीलगिरीच ठेवीन. मुलांना ओळखीचं काहीतरी हातात लागतं. 'नदीकाठची तांबडी नीलगिरी' म्हणा. ('नी' दीर्घ. औषधाच्या बाटलीवर काही का असेना.)

पानगळ :
'तांबडी' आवडलं. 'गम'चं काय? 'डिंकाचं झाड'?

तिरफळ :
डिंक म्हटलं की लाडू आठवतात! बाभळीचा डिंक पाण्यात विरघळून चिकट होतो. या झाडांतून झिरपतो तो गडद लाल, तुरट रस; आपल्या बिबळ्याच्या झाडाच्या सालीला खाच मारली की येतो त्या जातीचा. मुलांसाठी ते सोडून द्या. तांबडेपण लाकडावरून आलंय, तेवढं सांगा.
त्यापेक्षा कळीबद्दल लिहा. कळीवर टोपण असतं, या जातीत चोचीसारखं टोकदार. फुलायच्या वेळी ते गळून पडतं आणि आतून पांढऱ्या केसरांचा झुपका बाहेर येतो. पाकळ्या दिसतच नाहीत. 'युकॅलिप्टस' या ग्रीक नावाचा अर्थच 'नीट झाकलेलं'.

गाळपेर :
माझं टोपणनाव इथे कामाला येणार असं दिसतंय. या झाडाचं सगळं गणित पुरावर आहे. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर मरे नदीकाठी बार्मा-मिलेवा हे या झाडांचं सर्वांत मोठं जंगल. हिवाळ्या-वसंतातला पाऊस आणि डोंगरावरचं वितळलेलं बर्फ यांनी नदी फुगते, पाणी झाडांत शिरतं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतं. ओसरल्यावर ओल्या गाळावर पडलेलं बी रुजतं. धरणाचं पाणी उतरलं की आपल्याकडे उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, ती गाळपेर; तिथे ती नदी स्वतः करते. म्हणून 'पूर' लिहिताना जपा. आपल्या मुलांच्या मनात पूर म्हणजे बातम्यांतला पूर. इथे पूर आला नाही तर झाडाचं वाईट होतं. १९३६ मध्ये ह्यूम धरण पूर्ण झालं, नंतर आणखी पाणी अडलं, आणि पूर कमी झाले. या शतकाच्या सुरुवातीच्या लांबलेल्या दुष्काळात कितीतरी झाडं वाळली.

पानगळ :
एवढं सगळं पानात मावणार नाही, पण असं जमवलंय :

"ऑस्ट्रेलियात मरे नावाची लांबलचक नदी आहे. तिच्या काठी तांबडी नीलगिरी वाढते. ती मूळची तिथलीच. तिचं लाकूड लाल असतं. साल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते आणि खाली कुठे पांढरा, कुठे राखाडी, कुठे गुलाबी रंग दिसतो. नदीला पूर आला की ही झाडं कितीतरी दिवस पाण्यात उभी राहतात. त्यांना ते आवडतं! पाणी ओसरलं की चिखलात बारीक बिया पडतात आणि रोपं वर येतात. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत हिरवे पोपट घरटं करतात. ढोली तयार व्हायला शंभर वर्षंसुद्धा लागतात. काही बुंध्यांवर लांबट खूण दिसते. तिथली साल काढून या नदीकाठच्या मूळच्या योर्टा योर्टा लोकांनी होड्या केल्या होत्या."

तिरफळ :
छान. 'खूण'ऐवजी 'वण' करा. जखम भरून आल्यावर उरतो तो वण. झाडाच्या कडा तशाच आत वळलेल्या असतात. 'त्यांना ते आवडतं' मात्र काढा, झाडाच्या आवडीनिवडी आपण ठरवू नयेत.

बांधकरी :
राहू द्या हो, तिसरीतली मुलं आहेत. पण एक घाला : या झाडाची जाडजूड फांदी वारा नसतानाही अचानक मोडून पडते. तिथे झाडाखाली तंबू ठोकू नका म्हणून सांगतात. मुलं बाकी सगळं विसरतील, हे नाही विसरणार.

पानगळ :
घातलं. 'वण'ही केलं. आता धरणातून जंगलासाठी मुद्दाम पाणी सोडतात, त्याला 'आवर्तन' म्हणू का?

गाळपेर :
नको. आवर्तन पाळीनं येतं, कालव्याला. इथे 'पाणी सोडतात' एवढंच लिहा.