मेमरीचा बग नीट काढायचा का रोज रात्री रीबूट मारायचा?

टॉवेलवाला_ड्रायव्हर: अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात मागांवर काउंटरचे बोर्ड आहेत, आत लिनक्सचं कर्नेल (गाभा) ४.९, हार्डवेअरशी बोलणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. दहा-बारा दिवस गुमान चालतंय, मग एखादा बोर्ड आकडे द्यायचा थांबतो. लॉगमध्ये पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ४. आणि मेमरी बघितली तर ४० एमबी मोकळी! फाइल उघडली की ड्रायव्हर केमॅलॉकनं (कर्नेलकडं सलग मेमरी मागायचं फंक्शन) ६४ केबी मागतो, बंद केली की सोडतो, म्हणजे लीक नाही, घेतलेली मेमरी अडकून राहत नाही. मी म्हणतो ड्रायव्हर बदलू, साहेब म्हणतात रात्री रीबूट लाव अन् विषय संपव.

सात_रस्ता: साहेब बरोबर आहेत. मालकाला टॉवेल विकायचेत बे, कर्नेल नाही. सगळ्या बोर्डांत परत नवीन सॉफ्टवेअर भरायला मागाखाली वाकून कोण बसणार, आणि त्यातला एक जरी मेला तरी शिव्या तुलाच.

फर्स्ट_इयर: पण ४० एमबी मोकळी असताना ६४ केबी का मिळेना??

शेंगाचटणी: सिद्धेश्वर एक्सप्रेस डोळ्यापुढं आण. गाडीत पन्नास बर्थ रिकामे आहेत पण तुला एका ओळीत १६ पाहिजेत, कारण मेमरीचं एक पान (पेज) ४ केबीचं, ६४ केबी म्हणजे १६ पानं सलग, लॉगमधली ऑर्डर ४ तीच. ८ पानांपर्यंत कर्नेल टीटीईसारखं लोकांना उठवून सरकवून कसंही करून जागा करतं, त्याच्यावर गेलास की लवकर हात वर करतं. बडीइन्फो (कुठल्या लांबीचे किती सलग तुकडे मोकळे ते दाखवणारी फाइल) बघा, पाचव्या रकान्यापासून पुढं शून्यच दिसतील. आणि सात_रस्ता, मागावरच्या माणसाला पैसे पिसावर मिळतात, रीबूटच्या दीड मिनिटात आकडा चुकला तर तो कोणाच्या खिशातनं जाणार?

जुनं_कोडं: केव्हीमॅलॉक वापरा की, सलग मिळालं तर ठीक नाहीतर तुकड्यातनं देतं. दोन मिनटाचं काम.

टॉवेलवाला_ड्रायव्हर: ते ४.१२ ला आलं, २०१७ मध्ये. माझ्याकडं ४.९ आहे, बोर्डवाला त्याच्या पुढचं देत नाही.

जुनं_कोडं: मग सरळ व्हीमॅलॉक, ते तुकड्यातनंच देतं. डीएमए (डिव्हाइसनं स्वतः थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) नाही ना त्या बफरवर, म्हणजे त्या ६४ केबीवर? असेल तर नाही चालणार, डिव्हाइसला मेमरी खरोखरची सलग लागते.

टॉवेलवाला_ड्रायव्हर: डीएमए नाही, नुसतं कॉपी करून वर देतोय.

शेंगाचटणी: मी तर म्हणतो ड्रायव्हर लोड होताना एकदाच घे आणि धरून ठेव. बूटला मेमरी मोकळी असते, तेव्हा केमॅलॉकनं पण मिळेल. मागणं-सोडणं हा धंदाच बंद.

सात_रस्ता: आणि दोन प्रोग्रामनी एकदम फाइल उघडली तर? एकच बफर, दोघं लिहिणार, आता एका वेळी एकालाच सोडणारं लॉक घाला, मग लॉकचा बग काढा. एक बग काढायला गेलात की दुसरा जन्माला येतो, मी उगाच नाही रीबूट म्हणत.

टॉवेलवाला_ड्रायव्हर: बोलू नये पण झालंच तसं. काल टेबलावरच्या बोर्डात व्हीमॅलॉक घातलं, क्लोजमध्ये ती मेमरी सोडायला व्हीफ्री केलं, आणि मध्येच एरर आली तर बाहेर पडायच्या वाटेवर जुनं, केमॅलॉकची मेमरी सोडणारं केफ्री तसंच राहिलं. सेन्सरची वायर काढून बघितली आणि कर्नेल धाडकन आडवं.

सात_रस्ता: 😂😂 हे मागावर झालं असतं म्हणजे?

शेंगाचटणी: मागावर नाही झालं ना, टेबलावर झालं. वायर काढून बघितलीस हेच बेस्ट केलंस, एरर आल्यावर काय होतं ते कोण चालवून बघतच नाही.

टॉवेलवाला_ड्रायव्हर: ती वाट दुरुस्त केली. आता पंधरा दिवस टेबलावर चालवतो, फाइल मिनिटाला उघड-बंद. तोवर कारखान्यात रीबूट, शिफ्ट बदलताना लावतो.

शेंगाचटणी: शिफ्ट बदलताना नको बाबा, तेव्हाच सगळे आपापला आकडा बघायला बोर्डापुढं उभे असतात. जेवणाच्या सुट्टीत लाव, माग बंद असतात.