तयार घरे वाटावीत की घर बांधणाऱ्याला हात द्यावा?

टिळकनगरकर, इंदूर:
आमच्या मंडळाने यंदाचा सेवानिधी धार आणि झाबुआ जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांच्या घरांसाठी देण्याचे ठरवले आहे. एका सेवाभावी संस्थेचा प्रस्ताव असा की ठेकेदाराकडून एकसारखी पक्की घरे बांधून घ्यावीत आणि किल्ल्या कुटुंबांच्या हाती द्याव्यात. या प्रस्तावाला माझा विरोध आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण बांधकाम त्या-त्या टप्प्यापर्यंत पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि गरिबाचे घर नेमके दोन हप्त्यांच्या मधे अडते. धार जिल्ह्यातल्या मनावरकडे मी असे एक घर पाहिले आहे. जोते झाले होते, भिंती खिडकीच्या उंचीला आल्या होत्या, पण हातचा पैसा संपल्याने कुटुंब मजुरीसाठी गुजरातेत गेले आणि मागे राहिलेली सिमेंटची पोती पावसात भिजून दगड झाली. अशा वेळी थोडी बिनव्याजी रक्कम आणि एक जाणता गवंडी मिळाला, तर एका तयार घराच्या खर्चात कित्येक अर्धवट घरे पुरी होतील.

रामबागकर:
आपली तळमळ समजते, पण ज्यांचे नाव योजनेच्या यादीत आहे अशांचाच विचार आपण करत आहात. यादीत नाव नसलेली विधवा, एकटे म्हातारे जोडपे, वनजमिनीवर पट्ट्याविना, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदाविना राहणारे कुटुंब यांना हप्ताच नाही, मग दोन हप्त्यांमधली मदत काय कामाची? शिवाय बिनव्याजी झाले तरी ते कर्जच, आणि गवंड्यावर उभे राहून काम करून घ्यायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. अंगात बळ असलेल्यांना जमणारी वाट सर्वांवर लादणे मला अन्यायाचे वाटते.

सुदामानगरचा अभियंता:
मी टिळकनगरकरांच्या बाजूने आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी गावे नव्या जागी वसवली गेली, तेथे सरळ रस्त्यांच्या कडेने एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण गुरे कुठे बांधायची आणि कडबा कुठे रचायचा, याचा विचार आराखडा करणाऱ्यांनी पुरेसा केला नाही. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर बहुसंख्य घरे मालकांनी स्वतः बांधली. सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे दिले, अभियंत्यांनी कामाची तपासणी केली, आणि भुजच्या हुन्नरशाळेसारख्या संस्थेने स्थानिक कारागिरांना सोबत घेऊन काम केले. माळव्यात तर आणखी एक अडचण आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सगळीकडे एकच उथळ पाया घालणाऱ्या ठेकेदाराच्या भिंतींना तडे जाणारच, उलट गावच्या गवंड्याला मुरूम किती खोलीवर लागतो हे ठाऊक असते.

रामबागकर:
किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे झोपेत गेली, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना त्या जागी पुन्हा राहायचेच नव्हते. त्यांना छप्पर कोणीतरी आधी द्यायलाच हवे होते. आपल्याच शहरातील अरण्य वसाहत पाहा. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या त्या योजनेला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. तेथे लोकांनी घरे आपापल्या ऐपतीने वाढवली हे खरे, परंतु भूखंड, नळ, मलवाहिनी आणि शौचालयाची सोय त्यांना आधी मिळाली होती. नुसत्या सल्ल्यावर घर उभे राहत नाही.

टिळकनगरकर, इंदूर:
अरण्याचा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो, कारण पुढची खोली कधी आणि कशी बांधायची हे तेथे राहणाऱ्याने ठरवले. तरीही ज्यांच्या घरात कमावते कोणी नाही त्यांना पूर्ण घर द्यावे, हे मला मान्य आहे. मात्र ते त्याच गावच्या गवंड्याकडून बांधून घ्यावे, ओसरी आणि गोठ्याची जागा घरच्या बाईला विचारून ठरवावी, आणि घर तिच्या नावावर व्हावे. पट्ट्याविना राहणाऱ्यांसाठी वनहक्क कायदा २००६ पासून आहे. संस्थेने आधी त्यांच्या दाव्यांची कागदपत्रे तयार करून ग्रामसभेपुढे मांडावीत, मग विटा आणाव्यात.

रामबागकर:
बाईच्या नावाची अट मलाही हवी. पण दाव्यांचा निकाल लागेपर्यंत दोन-तीन पावसाळे निघून जातात, आणि तोवर त्या कुटुंबांनी ताडपत्रीखाली राहावे हे मी मान्य करणार नाही. निधीचा निम्मा भाग अशा कुटुंबांच्या घरांसाठी राखून ठेवावा, हीच सूचना मी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे.