मदत हवी आहे: जर्मनीतली 'मिडिल' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते. मुलगा-सून म्युनिकला असतात, नात तिथे चौथीत आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तिचं गुणपत्रक आलं. सून फोनवर रडवेली, "आई, २.६६ आले, गिम्नाझियम हुकलं." तिथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे जास्त गुण मिळाले की रडायचं!

मुलाने समजावलं ते असं. ग्रुंडशूले पहिली ते चौथी (बर्लिनकडे सहावीपर्यंत). मग मुलं तीन शाळांत पांगतात. गिम्नाझियम तेरावीपर्यंत, शेवटी आबिटूर परीक्षा, मग युनिव्हर्सिटी. रेआलशूले दहावीपर्यंत. तिसरी मिटेलशूले. हे नाव ऐकून मी म्हटलं, मिडिल तर सगळेच करतात, त्यात काय! आपल्याकडे मध्य प्रदेशात सहावी ते आठवी मिडिल, मग हाईस्कूल, मग हायर सेकंडरी, सगळ्यांना एकच जिना. तो म्हणाला, "आई, तो मधला मजला नाही, वेगळंच घर आहे."

तर विचारायचं हे, की जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या सरासरीवर दहा वर्षांच्या पोरीचं इंजिनिअर होणं आत्ताच संपलं का? मुलगा "बघू" म्हणतो, सून बोलतच नाही.

प्रतिसाद (न्यूरेंबर्गहून)
काकू, अजिबात नाही. शिक्षण तिथे राज्यांच्या हाती आहे, म्हणून बर्लिनवाल्यांचे सल्ले बाजूला ठेवा. बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात, म्युनिक याच राज्यात येतं) गिम्नाझियमला २.३३ लागतात, रेआलशूलेला २.६६. म्हणजे नात रेआलशूलेत काठावर का होईना, बसली. तरी गिम्नाझियमच हवं असेल, तर मे महिन्यातच तीन दिवसांचा 'प्रोबेउंटररिख्ट', म्हणजे परीक्षेसारखे चाचणी-वर्ग, असतो. जर्मन आणि गणितात एकात ३ आणि दुसऱ्यात ४ आले तरी चालतात. दोन्हीत ४ आले, तर निर्णय आईवडिलांचा. शाळेत आजच विचारायला सांगा, मुदत लहान असते.

पण माझं ऐकाल तर ओढूनताणून पाठवू नका. आमचा मुलगा रेआलशूलेतूनच गेला. दहावीनंतर फाखओबरशूले नावाची शाळा असते, बारावी झाली की हॉखशूलेत, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्चशिक्षणाच्या कॉलेजात, प्रवेश मिळतो. तो आता तिथेच मेकॅनिकल शिकतोय. त्या शाळेची तेरावीही केली, तर युनिव्हर्सिटीची दारंही उघडतात. आणि हो, मिटेलशूले म्हणजे बायर्नची जुनी हाउप्टशूले, मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा, पाचवी ते नववी. तिथूनही दहावी करून पुढे जाता येतं.

मूळ प्रश्नकर्ती
बाबा रे, देव तुझं भलं करो. सुनेला आत्ताच फोन लावते, तिथे दुपार असेल. ते तीन दिवसांचं नाव पुन्हा एकदा सावकाश लिहून देशील का? मला उच्चारता येत नाहीये.